शून्याचे सहा अर्थ: नेटवर्क ड्रायव्हरमधल्या रिटर्न व्हॅल्यू कशा दुरुस्त करायच्या

हेडफोन लावलेत? चला, सुरू करूया.

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. नेटवर्क ड्रायव्हरमधली फंक्शन्स काय रिटर्न करतात, आणि ती भलतंच काही रिटर्न करत असतील तर ते नीट कसं करायचं. पण थांबा, भाग बंद करू नका. तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय तो अँड्रॉइड असेल, तर त्याच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. घरातल्या वायफाय राउटरमध्येही बहुतेक वेळा लिनक्सच असतो. म्हणजे माझा आवाज तुमच्या कानापर्यंत पोचेपर्यंत दोन-चार ड्रायव्हर्सच्या हातून गेलाय. त्यातल्या एखाद्याने 'झालं काम' म्हणायच्या जागी चुकीचा आकडा परत केला, की मग 'रोज राउटर रीस्टार्ट करावा लागतो' अशी तक्रार सुरू होते. आणि कारण कुणालाच सापडत नाही.

सी भाषेत दोन-चार फंक्शन्स लिहिली असतील तर आजचं सगळं समजेल. लिहिली नसतील तरी गोष्ट कळेल, काळजी नको.

आकडा एकटा काहीच सांगत नाही

आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. शब्द 'येतो', अर्थ 'निघालो'. घरातल्या सगळ्यांना हा संकेत माहीत असतो, म्हणून गोंधळ होत नाही. पण परक्या माणसाने शब्दकोश हातात घेऊन ऐकलं, तर तो बिचारा दारातच वाट बघत बसेल.

रिटर्न व्हॅल्यूचं अगदी तसंच आहे. शून्य, एक, मायनस सोळा, हे नुसते आकडे. ते कोणत्या संकेताने वाचायचे, हे फंक्शन लिहिणाऱ्याला आणि ते बोलावणाऱ्याला सारखंच माहीत असावं लागतं. ड्रायव्हरमध्ये पंचाईत अशी, की एकाच फाइलमध्ये पाच-सहा वेगवेगळे संकेत एकत्र नांदत असतात. फक्त शून्य घेऊया. मोजा माझ्याबरोबर.

पहिला. नेटवर्क कार्ड चालू करणारं 'ओपन' फंक्शन. इथे शून्य म्हणजे यश. काही बिघडलं तर ऋण आकडा परत करायचा: मेमरी नाही मिळाली तर मायनस १२, म्हणजे ई-नोमेम, डिव्हाइसच नाही तर मायनस १९, म्हणजे ई-नोडेव्ह.

दुसरा. इंटरप्ट हँडलर. कार्ड प्रोसेसरला टोचतं, 'अरे, बघ इकडे', तेव्हा चालणारं फंक्शन. इथे शून्य म्हणजे 'हा इंटरप्ट माझा नव्हता', आणि एक म्हणजे 'माझा होता, मी बघितलं'. म्हणजे 'ओपन'च्या सवयीने इथे शून्य परत केलं, की काम करूनही तुम्ही म्हणताय 'मी नाही हो!' कर्नल हे मोजत असतो. एका लाइनवर एक लाख इंटरप्ट आले आणि त्यातल्या ९९,९०० पेक्षा जास्त वेळा कुणीच 'माझा' म्हटलं नाही, तर तो लॉगमध्ये लिहितो 'नोबडी केअर्ड' आणि ती लाइनच बंद करून टाकतो. कार्ड धडधाकट, ड्रायव्हर कामात चोख, फक्त उत्तर उलटं, आणि नेटवर्क ठप्प.

तिसरा. नापीचं 'पोल' फंक्शन. आलेली पॅकेट्स गठ्ठ्याने उचलायची ही पद्धत. इथे परत केलेला आकडा म्हणजे किती पॅकेट्स उचलली त्याची संख्या. शून्य म्हणजे 'काही उचललं नाही'. इथे ऋण एरर कोडला अर्थच नाही.

चौथा. हो-नाही विचारणारी फंक्शन्स. 'लिंक चालू आहे का?' इथे शून्य म्हणजे नाही.

पाचवा. पॉइंटर परत करणारी फंक्शन्स. इथे शून्य म्हणजे नल, हाती काही लागलं नाही. त्यातही दोन पंथ आहेत. काही फंक्शन्स अपयशी झाली की नल देतात, काही पॉइंटरच्या वेषात एरर कोड देतात. दुसऱ्या पंथातल्या फंक्शनचं उत्तर तुम्ही 'नल आहे का?' एवढंच तपासून वापरलंत, तर तो एरर कोड खरा पत्ता समजून तुम्ही त्याच्या दारात जाऊन उभे राहता. कर्नल तिथेच कोसळतो.

आणि सहावा, आजच्या गोष्टीचा नायक. पॅकेट पाठवणारं फंक्शन, एनडीओ स्टार्ट एक्समिट. इथे शून्याचा अर्थ 'पॅकेट पोचलं' असा नाही, आणि 'यश' असाही नाही. इथे शून्य म्हणजे 'हे पॅकेट आता माझी जबाबदारी'.

कर्नलच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात यावर एक साधा नियम आहे. फंक्शनचं नाव एखादी कृती किंवा आज्ञा असेल, तर यशाला शून्य आणि अपयशाला ऋण एरर कोड. नाव प्रश्नासारखं असेल, तर हो किंवा नाही. दोन्हींची सरमिसळ केली की शोधायला अवघड बग्ज जन्माला येतात, हेही तिथेच सांगितलंय. नियम छोटा, पण ट्रान्समिट फंक्शन यात बसत नाही. म्हणून तिथे सगळ्यात जास्त पडझड होते.

पार्सल कुणाच्या ताब्यात?

सोसायटीच्या गेटवर कुरिअरवाला येतो. वॉचमनकाका पार्सल घेतात. त्यांनी 'घेतलं' म्हटलं, की कुरिअरवाला मोकळा. पार्सल वर पोचवणं, हरवलं तर उत्तर देणं, सगळं काकांकडे. त्यांनी 'आत्ता नाही, नंतर या' म्हटलं, तर पार्सल कुरिअरवाल्याच्याच पिशवीत. तो संध्याकाळी परत येणार.

लिनक्समध्ये कुरिअरवाला म्हणजे कर्नलचा नेटवर्क कोअर आणि वॉचमनकाका म्हणजे ड्रायव्हर. पार्सल म्हणजे एसकेबी, अर्थात पॅकेट आणि त्याची सगळी माहिती ठेवलेला मेमरीचा तुकडा. ट्रान्समिट फंक्शनला अधिकृत उत्तरं दोनच. नेटडेव्ह टीएक्स ओके, म्हणजे शून्य: 'घेतलं'. आणि नेटडेव्ह टीएक्स बिझी, म्हणजे सोळा: 'घेतलं नाही, नंतर या'.

ओके म्हटलंत, की एसकेबी मोकळा करणं ड्रायव्हरचं काम, तेही ठरावीक काळात. पाठवा किंवा फेकून द्या, पण मेमरी परत करा. बिझी म्हटलंत, तर त्या एसकेबीला हात लावायचा नाही. मोकळा करायचा नाही, त्याचा पत्ताही जवळ ठेवायचा नाही, कारण कोअर तेच पॅकेट घेऊन परत येणार आहे.

आता यात चुकलं तर काय होतं? दोन प्रकार.

ड्रायव्हरने पॅकेट मोकळं केलं आणि वर बिझी म्हटलं. म्हणजे काकांनी पार्सल जाळून टाकलं आणि कुरिअरवाल्याला सांगितलं, ते तुझ्याच पिशवीत आहे. कोअर मोकळ्या झालेल्या मेमरीला पॅकेट समजून परत रांगेत लावतो. याला म्हणतात यूज आफ्टर फ्री. यातून मशीन कोसळतं, आणि वाईट नशीब असेल तर सुरक्षेला भोक पडतं.

दुसरा प्रकार उलटा. ड्रायव्हरने पॅकेट तसंच टाकून दिलं, मोकळं केलं नाही, पण उत्तर असं दिलं की कोअरला वाटलं 'घेतलं'. आता ते पॅकेट कुणाचंच नाही. मेमरी लीक. समजा एका वेळी २ केबी हरवतात आणि सेकंदाला असं १०० वेळा होतंय. म्हणजे सेकंदाला २०० केबी. १२८ एमबी मेमरी असलेला छोटा राउटर साधारण ११ मिनिटांत रिकामा. सेकंदाला एकदाच झालं, तर अठरा तास. म्हणजे 'रोज सकाळी राउटर बंद-चालू करावा लागतो' हे गाऱ्हाणं इथून येऊ शकतं.

मायनसच्या एका रेघेचा फरक

आता लक्ष द्या, इथे खरी गंमत आहे.

कर्नलमध्ये 'काम चालू आहे, गडबडीत आहे' यासाठी नेहमीचा एरर कोड आहे ई-बिझी. त्याचा आकडा? सोळा. परत करताना मायनस सोळा. आणि नेटडेव्ह टीएक्स बिझीचा आकडा? तोही सोळा, पण धन.

ड्रायव्हर लिहिणारा सवयीने मायनस ई-बिझी परत करतो. वाचणाऱ्यालाही वाटतं, बरोबरच आहे की, बिझी म्हणजे बिझी. पण कोअर काय करतो? तो उत्तर पंधराशी ताडून बघतो. त्यापेक्षा लहान असेल तर 'पॅकेट ड्रायव्हरने घेतलं' असं धरतो. शून्य लहान, म्हणून घेतलं. सोळा मोठा, म्हणून घेतलं नाही. आणि मायनस सोळा? तोही लहानच! म्हणजे घेतलं. ड्रायव्हर म्हणतोय 'मी नाही घेतलं', कोअर ऐकतोय 'घेतलं, पण पाठवताना चूक झाली'. पॅकेट गेलं, मेमरीही गेली. कुठेही वॉर्निंग नाही, क्रॅश नाही.

हे असं विचित्र का आहे, तर त्याला इतिहास आहे. पूर्वी टीएक्स बिझीचा आकडा एक होता. टीएक्स लॉक्ड नावाचं तिसरं उत्तर होतं, त्याचा आकडा मायनस एक. २००९ साली कर्नलमध्ये दोन बदल झाले. एक, या उत्तरांसाठी नेटडेव्ह टीएक्स टी असा स्वतंत्र टाइप आणला. दोन, आकडे बदलले, बिझी सोळा झाला, म्हणजे खालून येणारे एरर कोडही वरपर्यंत नेता यावेत. पुढे २०१६ मध्ये लॉक्ड हे उत्तर कायमचं काढून टाकलं.

ज्यांनी नाव वापरलं होतं, 'रिटर्न नेटडेव्ह टीएक्स बिझी', त्यांचं काही अडलं नाही. ज्यांनी नुसतं 'रिटर्न एक' लिहिलं होतं, त्यांच्या कोडचा अर्थ एका रात्रीत उलटा झाला. काल 'नंतर या' होतं, आज 'पॅकेट घेतलं आणि टाकलं'. कर्नलच्या झाडातले ड्रायव्हर त्या वेळी बदलून घेतले गेले. पण कंपन्यांच्या कपाटात ठेवलेले, कर्नलबाहेरचे जुने ड्रायव्हर? ते ज्याने सांभाळायचे त्याचे. म्हणून सांगतो, रिटर्नमध्ये उघडा आकडा दिसला की थबका.

तीन दरवाजे असलेलं फंक्शन

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. मी एक नमुन्याचं ट्रान्समिट फंक्शन सांगतो. कल्पनेतलं आहे, पण यातला प्रत्येक दरवाजा खऱ्या ड्रायव्हर्समध्ये भेटतो. फंक्शनचा रिटर्न टाइप लिहिलाय इंट. आणि गडबड झाली की बाहेर पडायचे तीन मार्ग आहेत.

पहिला दरवाजा. इथरनेटला फ्रेम निदान ६० बाइटची लागते. पॅकेट छोटं असेल तर पुढे शून्यं जोडून लांबी पुरी करायची. त्यासाठी कर्नलचं तयार फंक्शन आहे, एसकेबी पॅड टू. ते फसलं तर आपला ड्रायव्हर मायनस ई-नोमेम परत करतो.

दुसरा दरवाजा. पॅकेटचा पत्ता कार्डला कळावा म्हणून डीएमए मॅपिंग करायचं. ते फसलं, तर पुन्हा मायनस ई-नोमेम.

तिसरा दरवाजा. कार्डची रांग, म्हणजे रिंग, भरलेली असली तर मायनस ई-बिझी.

आता बघा, नवखा माणूस काय करेल. तो म्हणेल, रिटर्न टाइप चुकलाय, इंटच्या जागी नेटडेव्ह टीएक्स टी करूया. आणि तिन्ही ठिकाणी 'काम झालं नाही' असंच म्हणायचंय ना, मग तिन्हीकडे टीएक्स बिझी. तीन ओळी बदलल्या, कंपाइल झालं, दिसायला सुबक. पॅच तयार!

आणि आपण बग वाढवला.

पहिल्या दरवाजात एसकेबी पॅड टू फसलं, तर ते स्वतःच एसकेबी मोकळा करतं. हे त्याच्या वर लिहिलेल्या टिपणीत स्पष्ट दिलेलं आहे. म्हणजे आधी जे होतं, मायनस ई-नोमेम, ते अपघाताने का होईना, निरुपद्रवी होतं: कोअरने धरलं 'घेतलं', आणि पॅकेट खरंच मोकळं झालेलं होतं. आता आपण बिझी म्हटलं आणि कोअरच्या हातात मेलेलं पॅकेट दिलं. लीक नव्हती तिथे यूज आफ्टर फ्री आणला. इथलं बरोबर उत्तर ओके.

दुसऱ्या दरवाजात डीएमए फसल्यावर एसकेबी कुणीच मोकळा केलेला नाही. जुन्या कोडमध्ये ही खरी लीक होती. बिझी म्हटलं तर लीक थांबेल, पण तेच पॅकेट पुन्हा पुन्हा येत राहील, आणि मॅपिंग होत नसेल तर प्रोसेसर त्याच दारावर डोकं आपटत बसेल. इथली रीत अशी: पॅकेट मोकळं करा, 'टाकलेली पॅकेट्स' हा काउंटर एकने वाढवा आणि ओके परत करा. हो, ओके. पॅकेट गेलं नाही तरी ओके, कारण प्रश्न 'पोचलं का?' हा नव्हताच. प्रश्न होता 'कुणाच्या ताब्यात?'. टीसीपी असेल तर हरवलेलं पॅकेट वरचा थर परत पाठवेल, त्याची काळजी ड्रायव्हरने करायची नाही.

तिसरा दरवाजा, रिंग भरलेली. इथे मात्र बिझी बरोबर. पॅकेटला हात लावलेला नाही, नंतर या. पण नेटवर्क ड्रायव्हरच्या मार्गदर्शनात एक पुढची गोष्ट सांगितली आहे: सामान्य परिस्थितीत बिझी म्हणायची वेळच येऊ नये. रिंगमधल्या जागा संपत आल्या की आधीच्या पॅकेटच्या वेळीच रांग थांबवा, आणि कार्डने जुनी पॅकेट्स पाठवून जागा मोकळी केली की रांग परत सुरू करा. गाडी भरली की कंडक्टर दोन घंट्या मारून निघतो, प्रत्येक थांब्यावरच्या प्रत्येक माणसाला 'जागा नाही' सांगत बसत नाही. तसंच.

बघितलंत? तीन दरवाजे, तिन्हींवर 'अपयश'च होतं, पण दुरुस्ती तिन्हींची वेगळी. आजच्या भागातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या: रिटर्नची ओळ बदलण्याआधी तिच्या वरच्या ओळी वाचा. त्या वळणावर पॅकेटचं काय झालंय हे कळल्याशिवाय कोणता आकडा बरोबर ते ठरवताच येत नाही.

मग नुसता टाइप बदलण्याला काही अर्थ नाही का?

आहे, आणि तो थेट तुमच्या फोनशी जोडलेला आहे.

सी कंपायलरला नेहमीच्या सेटिंगमध्ये इंट आणि हा टाइप यात फरक वाटत नाही, म्हणून तो गप्प बसतो. २०१८ मध्ये अनेक ड्रायव्हर्समधले असे इंट शोधून बदलले गेले, तेव्हा बऱ्याच जणांना ती नुसती साफसफाई वाटली असेल.

पण त्याच वर्षी गूगलचा पिक्सेल ३ आला. कर्नलमध्ये कंट्रोल फ्लो इंटिग्रिटी, थोडक्यात सीएफआय, चालू असलेला तो पहिला अँड्रॉइड फोन. ही काय भानगड? कर्नल पुष्कळ फंक्शन्स पॉइंटरमधून बोलावतो. हल्लेखोर तो पॉइंटर बदलून कर्नलला भलत्याच जागी नेऊ शकतो. सीएफआय प्रत्येक वेळी तपासतो: ज्या फंक्शनकडे चाललोय त्याची सही, म्हणजे कोणते पॅरामीटर आणि कोणता रिटर्न टाइप, अपेक्षेशी तंतोतंत जुळते का? नाही जुळली, तर तिथेच थांबवतो.

आणि सीएफआयच्या हिशेबी इंट वेगळा, नेटडेव्ह टीएक्स टी वेगळा. म्हणजे वर्षानुवर्षं विनातक्रार चाललेला ड्रायव्हर पहिलं पॅकेट पाठवायला जातो आणि कर्नल पॅनिक. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ मध्ये याची नवी आवृत्ती, केसीएफआय, मूळ कर्नलमध्ये आली. त्याच सुमारास क्लँग कंपायलरमध्ये असे टाइप कंपाइल करतानाच पकडणारी कडक वॉर्निंग आली, आणि उरलेसुरले ड्रायव्हर दुरुस्त करणारे बरेच पॅच आले. जे कोड पंधरा वर्षं 'चालतंय ना, राहू दे' म्हणून राहिलं, ते सुरक्षेच्या एका तपासणीसमोर उघडं पडलं.

इतर नेहमीचे यशस्वी कलाकार

ट्रान्समिट सोडून बाकीच्या फंक्शन्समध्ये काय शोधायचं? चार गोष्टी पटापट सांगतो.

एक. उघडं 'रिटर्न मायनस एक'. लिहिणाऱ्याच्या मनात 'काहीतरी चुकलं' एवढंच असतं. पण एरर कोडच्या यादीत एक म्हणजे ई-पर्म, परवानगी नाही. मग 'ओपन' फंक्शन फसलं की वापरणाऱ्याला टर्मिनलवर दिसतं 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. तो सूडो लावून बघतो, रूट होऊन बघतो, पासवर्ड तपासतो. खरं कारण असतं केबलच्या त्या टोकाला गप्प बसलेली चिप. तिथे टाइमआउटचा कोड, मायनस ११०, दिला असता तर त्याची अख्खी दुपार वाचली असती.

दोन. ऋण आकडा अनसाइन्ड चलात ठेवणं. मायनस १९ तिथे ४,२९४,९६७,२७७ होतो. मग खाली 'शून्यापेक्षा लहान आहे का?' ही तपासणी कधीच खरी ठरत नाही. तपासणी लिहिलेली दिसते, पण ती भिंतीवर रंगवलेली खिडकी.

तीन. शिळं शून्य. प्रोब फंक्शन, म्हणजे कार्ड ओळखून जागं करणारं. आधीचं काम यशस्वी झालं म्हणून एरर चलात शून्य. पुढे मेमरी मागितली, नाही मिळाली, गोटू करून साफसफाईच्या लेबलवर उडी. पण उडीआधी चलात मायनस ई-नोमेम भरायचं राहिलं. साफसफाई सगळी होते आणि शेवटी रिटर्न होतो शून्य: 'सगळं झकास!' कर्नल त्या मोडून ठेवलेल्या घरात राहायला जातो.

चार. खालून आलेला एरर कोड गिळून आपला लावणं. याचं वाईट उदाहरण म्हणजे ५१७, ई-प्रोब-डिफर. त्याचा अर्थ 'मला लागणारी क्लॉक किंवा वीजपुरवठ्याचा ड्रायव्हर अजून यायचाय, थोड्या वेळाने परत विचारा'. ड्रायव्हरने तो बदलून 'डिव्हाइस नाही' असं सांगितलं, तर कर्नल परत विचारतच नाही. बोर्ड कधी नेटवर्कसकट सुरू होतो, कधी नेटवर्कशिवाय. असलं कधी-कधी होणारं दुखणं शोधणं फार जिकिरीचं. उपाय एका ओळीचा: आलेला कोड तसाच वर द्या.

पॅच पाठवायचाय? या क्रमाने जा

कॉलेजात असाल आणि कर्नलमध्ये पहिलं पाऊल टाकायचं असेल, तर हा विषय चांगला आहे. मोठं हार्डवेअर लागत नाही, वाचायचा धीर लागतो.

आधी फंक्शन कोणत्या संकेतातलं आहे ते ठरवा. मग कागदावर त्याचे सगळे दरवाजे लिहा आणि प्रत्येकासमोर तीन रकाने: काय रिटर्न होतंय, तोपर्यंत पॅकेटचं किंवा मेमरीचं काय झालंय, आणि बोलावणारा त्या आकड्याचा काय अर्थ लावतो. तिसरा रकाना भरायला बोलावणाऱ्याचा कोड उघडावाच लागतो. अंदाज नको.

मग हत्यारं वापरा. स्मॅच हे साधन 'एरर कोड राहिला' असे प्रकार पकडतं. कॉक्सिनेलने एका नमुन्यावरून शेकडो फाइल्स शोधता येतात. कर्नलमध्येच मुद्दाम मेमरी नाकारणारी सोय आहे, फेलस्लॅब. ती लावली की कधीच न उघडणारे दरवाजे उघडतात. आणि लीक बघायला केमेमलीक. पण साधन जे दाखवेल तो संशय समजा, निकाल तुम्ही द्यायचा.

पॅचमध्ये एका वेळी एकच बदल. टाइप बदलणं वेगळं, वागणूक बदलणं वेगळं. वर्णनात 'रिटर्न व्हॅल्यू नीट केली' एवढं लिहू नका. कोणत्या परिस्थितीत वापरणाऱ्याला काय त्रास होतो ते लिहा: मेमरी गळते, क्रॅश होतो, चुकीचा संदेश दिसतो. बग कोणत्या कमिटने आला ते शोधून 'फिक्सेस' टॅग द्या. आणि हे ठाऊक असू द्या की नेटवर्क विभागाचे मेंटेनर नुसत्या साफसफाईच्या पॅचना फारसं उत्तेजन देत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्डचा ड्रायव्हर, ते कार्ड तपासायला कुणाकडेच नाही, अशा वेळी सुबकतेसाठी केलेला बदलही काहीतरी मोडू शकतो. आत्ताच बघितलं ना आपण, तीन ओळींच्या सुबक पॅचने काय केलं असतं. म्हणून खरा बग दाखवा. पॅच परत आला तर वाईट वाटून घेऊ नका, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधा आणि दुसरी आवृत्ती पाठवा. तिथे तीच रीत आहे.

आता गृहपाठ. लॅपटॉपवर कर्नलचा सोर्स उतरवून घ्या, ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये नेटचं फोल्डर उघडा, कुठलीही एक मध्यम आकाराची फाइल निवडा. तिचं ट्रान्समिट फंक्शन शोधा आणि तो तीन रकान्यांचा कागद भरा. बग सापडेलच असं नाही, बहुतेक ठिकाणी कोड बरोबरच असेल. पण दहा फाइल्सनंतर तुमचे डोळे आपोआप रिटर्नच्या वरच्या ओळींकडे जायला लागतील. ती सवय जावा लिहा, पायथन लिहा, कुठेही उपयोगी पडते.

कागद भरताना कुठे अडलात तर या भागाखाली लिहा, फाइलचं नाव आणि दरवाजा कितवा ते नक्की सांगा. पुढच्या भागात त्यातलेच दोन-तीन दरवाजे मिळून उघडूया. तोपर्यंत, येतो!